मोठ्या नावेची शेवटची फट

मुक्काम परतूर, मार्गशीर्ष शुद्ध पंचमी, शके १८३४

चि. आसाराम यास रामकिसनचे आशीर्वाद. इकडे मी आणि तुझी वहिनी खुशाल आहोत. थंडी बरी आहे. कारखान्यात कापसाचा हंगाम जोरात आहे, त्यामुळे नाकातोंडात रुई जाते आणि दिवसभर शिंका येतात. मंजुळाबाईस व मुलांस आशीर्वाद सांग. भामाला वेगळे सांग, सगळ्यांत मिसळू नकोस.

तुझं पत्र मिळालं. तहसिलीतले मुन्शी डोहगावी येऊन उतरले आहेत, घाट केव्हा सुरू झाला, कोणकोणते धंदे कसे आले हे सगळं सरकारी कागदावर उतरवून घेत आहेत, आणि ते तुझ्याच ओसरीवर बसतात, हेही कळलं. तू त्यांना म्हणालास, "जुनं समदं आमच्या दादालाच ठावं." चला, जुनं विचारायला तरी दादा लागला. नवं विचारायला तू आहेसच.

तर लिहून घ्यायला सांग. आजोबांच्या काळी डोहगावात नाव नव्हतीच. वाळक्या भोपळ्यांची सांगड बांधायची आणि तिच्यावर पोटाशी गाठोडं धरून माणूस पलीकडं जायचा. आपली गंगा, कागदावर गोदावरी लिहा म्हणावं, इतर गावांना उन्हाळ्यात नुसती वाळू दाखवते, पण डोहगावाशी ती तळ्यासारखी पसरते. वैशाखातसुद्धा मधोमध बांबू टेकत नाही. म्हणून घाट इथं झाला, दुसरीकडं झाला नाही. पहिली नाव आपल्या वडिलांनी बांधली. धुळाजी सुतार बैलगाडीचं चाक सोडून नाव करायला बसला म्हणून लोक हसले होते. ती नाव पाण्यात तरली तेव्हा मी पाच वर्षांचा होतो आणि त्यांच्या खांद्यावर होतो. तू तेव्हा जन्मलाही नव्हतास. हे आवर्जून लिहायला सांग.

मग नावेमागोमाग बाकीचे आले. चुन्याच्या भट्ट्या आल्या, कारण चुना गाडीत ओला होतो आणि नावेत झाकता येतो. दोरखंड वळणारी चार घरं आली. तेलाचे घाणे आले. धनगरांनी घोंगड्या आणून गुरुवारचा बाजार धरला. कोळ्यांची सात घरं होती त्यांची चाळीस झाली. आणि बारा वर्षांपूर्वी परतूरला रेल्वे आली तेव्हा माजलगाव, तेलगावचा सगळा कापूस आपल्याच घाटावरून उतरू लागला, मालावर जकात घेणारा करोडगिरीचा नाका बसला आणि डोहगावाला लोक बंदर म्हणू लागले. समुद्र कुणी पाहिला नव्हता, पण म्हणू लागले.

आता मोठ्या नावेबद्दल. भरलेल्या चार गाड्या बैलांसकट घेणारी नाव आख्ख्या गंगेवर दुसरी नाही, आणि ती तू बांधलीस. हे खरं आहे, मी नाही म्हणत नाही. मला ते गाडीवाले रोज येऊन सांगतात. कापूस उतरवायच्या आधी सांगतात. "मिस्त्री, तुमच्या भावानं काय नाव केली हाय!" मी मान हलवतो आणि शिंकतो.

पण मुन्शींना आपला रिवाज सांगितलास का? नावेच्या सगळ्या फटी बांधणाऱ्यानं बुजवायच्या, फक्त शेवटची एक ठेवायची. ती घरातल्या थोरल्यानं अंबाडीच्या तागानं आणि राळीनं बुजवायची, म्हणजे नाव त्याच्या जबाबदारीवर पाण्यात जाते. तर कागदावर असं हवं: "मोठ्या नावेची शेवटची फट रामकिसन धुळाजी यांनी बुजवली." तू बांधलीस हे वर येऊ दे, पण त्याच्याखाली हे आलं पाहिजे. एवढी एक ओळ माझी.

भामाचं लग्न माघात ठरलं, ऐकून बरं वाटलं. पलीकडच्या काठाला दिलीस, म्हणजे पाठवणी नावेतूनच. सगळं वऱ्हाड मोठ्या नावेत बसवणार म्हणतोस. साठ-सत्तर माणूस होईल. बायका, पोरं.

उगाच एक सुचलं म्हणून लिहितो. लग्नाआधी नाव एकदा काठावर ओढून तळ बघून घे. विशेष काही नाही.

रामकिसन धुळाजी,
मिस्त्री, परतूर


परतूर, पौष शुद्ध दशमी

चि. आसाराम यास आशीर्वाद. तुझं उत्तर आलं. तू लिहितोस, "तळ मी पाहिला आहे, नाव उत्तम आहे, दादांनी काळजी करू नये." कधी पाहिलास? हंगाम चालू आहे, घाटाचा ठेकेदार नाव एक दिवस रिकामी सोडत नाही, मग काठावर ओढली कधी? पाण्यात असताना आतून पाहून काही कळत नाही. हे मी तुला शिकवायला नको, पण वडिलांनी ते तुला शिकवायच्या आधी मला शिकवलं होतं.

तुला वाटेल दादाला म्हातारचळ लागला. तुझ्या वहिनीला तसंच वाटतं. परवा मी जेवता जेवता म्हणालो, पाठवणीला दोन लहान नावा केल्या तर काय बिघडेल? ती म्हणाली, "कावून? एवढी मोठी हाय की. का भावाची नाव डोळ्यांत खुपती?" मी ताट सारून उठलो. भूक गेली असं सांगितलं.

खुपते. लिहून टाकतो. तू धाकटा, मी थोरला, तुझ्यापुढं लपवायला मी काही नवरी नाही.

तुला आठवत नसेल, पण मला तो दिवस चांगला आठवतो. वडील अंथरुणाला खिळले होते आणि दोघांना त्यांनी जवळ बोलावलं. त्यांचा वाकस उशाशी होता, तोच, बाभळीच्या दांड्याचा, ज्यानं त्यांनी पहिली नाव तासली. मी हात पुढं केला होता, आसाराम. पूर्ण पुढं केला होता. आणि ते म्हणाले, "रामकिसन, तुजा हात पक्का हाय, पर आसारामाच्या हाताला पानी समजतं." आणि वाकस तुझ्या मांडीवर ठेवला. मी पुढं केलेला हात तसाच नेला आणि त्यांची चादर सारखी केली, जणू त्याचसाठी केला होता. तू खाली मान घालून रडत होतास. रडायला तुझं काय जात होतं?

मग मी डोहगाव सोडलं. लोकांना सांगितलं की कारखान्यात पक्की नोकरी आहे. इथं मी खोकी ठोकतो आणि यंत्राचे लाकडी दांडे बदलतो. त्यात पाणी समजायला लागत नाही.

आम्हाला मूल नाही हे तुला माहीत आहे, आणि भामा चालायला लागली ती माझं बोट धरून, हेही माहीत आहे. ती मला "दादाबा" म्हणते. तेवढं एक तुझ्याकडे नाही म्हणून मी मनात जपून ठेवलेलं आहे. अर्थात तुला ती "बाबा" म्हणते, म्हणजे तिथंही तूच पुढं.

लग्नाला यायचं जमणार नाही. हंगामात रजा देत नाहीत. पाठवणी लहान नावांतून कर. माझं एवढं ऐक.

रामकिसन मिस्त्री


परतूर, माघ शुद्ध प्रतिपदा

चि. आसाराम,

हे पत्र टपालानं पाठवत नाही. बंकट गाडीवाला उद्या सकाळी रिकाम्या गाड्या घेऊन निघतोय, त्याच्या हाती देतो. तुझ्याशिवाय कुणी फोडू नये असं त्याला बजावलं आहे. त्याला वाचता येत नाही, हे बरं आहे.

तुझं कालचं पत्र वाचलं. "तळ ठीक आहे, पाठवणी मोठ्या नावेतूनच, भामाची हौस आहे, आणि तुम्ही याच." म्हणजे आता मला सांगितल्याशिवाय गत्यंतर नाही. रजा देत नाहीत हे खोटं आहे. मी मागितलीच नाही. दोन दिवसांची वाट आहे, मी चालतही आलो असतो. तुझ्यासमोर उभं राहावं लागेल म्हणून आलो नाही.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी मी तिथं आलो ते आठव. नाव काठावर पालथी होती, डाव्या अंगाला शेवटची फट ठेवलेली. सगळा गाव जमला होता. तू मोगरी आणि बोथट पटाशी दोन्ही हातांवर ठेवून माझ्यापुढं धरलीस आणि म्हणालास, "दादा, तुमीच बुजवा. वडलांच्या जागी तुमी." कोळ्यांच्या बायका माझ्याकडं बघत होत्या. मला वाटलं आता तरी माझा मान झाला. पण तेवढ्यात धर्मराज कोळी मोठ्यानं बोलला, "कायबी म्हणा, धुळाजीनंतर आसारामच." कुणी त्याला गप्प केलं नाही. तूही केलं नाहीस. तू लाजून हसलास.

आता ऐक. मला तेव्हाच्या तेव्हा राग आला आणि हातून चूक झाली, असं मी तुला लिहू शकलो असतो. तीन महिने मी स्वतःला तेच सांगतोय. पण तसं नाही. परतुरातून निघतानाच मी कारखान्यातली मूठभर रुई धोतराच्या सोग्यात बांधून घेतली होती. कशासाठी घेतली हे वाटेत मी स्वतःला विचारलं नाही, कारण मला माहीत होतं.

तू दिलेला अंबाडीचा ताग मी बाजूला सारला आणि त्या फटीत रुई ठोकली. वरून राळ फासली. सगळे वाजवत होते, ओरडत होते, कुणी पाहिलं नाही. रुई चार महिने तग धरते, मग कुजते आणि पाण्याच्या दाबानं एकदमच बाहेर येते. दसऱ्यापासून चार महिने म्हणजे माघ. तेव्हा भामाचं लग्न ठरलेलं नव्हतं. मी डोळ्यांसमोर आणलं होतं ते एवढंच, की कधीतरी कापसाची फेरी असताना नाव काठाजवळ पाणी घेईल, गाड्या भिजतील, आणि लोक म्हणतील आसारामाला काही जमलं नाही. एवढंच. माणसं बुडतील असं मी मनात आणलं नव्हतं. पण डोह किती खोल आहे हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक आहे?

आणि रिवाजाचा दुसरा अर्धा भाग. ज्यानं शेवटची फट बुजवली त्यानं पहिल्या फेरीला त्या फटीवर मांडी घालून बसायचं. दसऱ्याला सकाळीच मी निघून आलो. कारखान्याचं बोलावणं आहे म्हणालो. तू वाटेपर्यंत धावत आलास आणि भाकरी बांधून दिलीस. मी ती खाल्ली नाही, बैलाला घातली.

मुन्शींच्या कागदावर "शेवटची फट रामकिसन धुळाजी यांनी बुजवली" असं लिहायला सांगितलं, तेव्हा मला लाज वाटली नाही. वाटली असती तर बरं झालं असतं. सगळं तुझं आहे, नाव तुझी, वाकस तुझा, गाव तुझ्या बाजूचा, आणि तरी मला ती एक ओळ हवी होती.

आसाराम, नाव आजच्या आज काठावर ओढ. ठेकेदार ओरडला तर ओरडू दे. डाव्या अंगाची, मागून तिसरी फट. भामाला त्या नावेत पाय ठेवू देऊ नकोस. नंतर तुला काय करायचं ते कर. पंचायत बसव, माझं घरात येणं बंद कर, गावाला सांग. हे पत्र वाचून दाखव. मी नाही म्हणणार नाही.

आशीर्वाद लिहीत नाही.

रामकिसन


परतूर, माघ शुद्ध अष्टमी

आसाराम,

बंकट आज दुपारी परत आला. मी कारखान्याच्या फाटकात सकाळपासून उभा होतो. त्यानं बैल सोडायच्या आधी मी त्याचा हात धरला आणि म्हणालो, "सांग बे, काय म्हणला?"

तो म्हणाला, "आसारामदा रंधा मारत व्हता. कागूद वाचला. रंधा खाली ठिवला. मग घरात गेला आन् ही पुडी आनून देली."

मी पुडी उघडली. आपल्या आईच्या जुन्या लुगड्याचा तुकडा होता, आणि त्यात माझी रुई होती. वाळलेली, पिवळट, एका बाजूला राळ लागलेली. पटाशीचे घाव तसेच उमटलेले. मी ठोकलेले घाव मला ओळखू येतात.

"आन् काय म्हणला?"

बंकटानं पाठ करून आणलं होतं. "म्हणला, दादाला सांग, म्या त्याच सांजंला काढलं. वल्या राळीतनं पांढरं दिसलं. अंबाडी भरली आन् सकाळी त्याच फटीवर मीच बसलो. कुणाला बोललो न्हाई. मंजुळाला बी न्हाई. नाव चांगली हाय. लगनाला या."

मग बंकट पाणी प्यायला आणि म्हणाला, "दादा, कशाची रुई हाय ती?" मी त्याला म्हणालो, तुझ्या बैलांना चारा टाक.

खोटं लिहिणार नाही. माझा पहिला राग तुझ्यावरच आला. भामा वाचली म्हणून आनंद व्हायला हवा होता, तो झाला, पण नंतर झाला. आधी राग आला. साडेतीन महिने तू मला पत्रं लिहीत होतास, "नाव बरी चालते, दादांनी काळजी करू नये," आणि ही पुडी तुझ्या पेटीत होती. मी इथं रोज नाव बुडताना बघत होतो आणि तुला सगळं ठाऊक होतं. तळ पाहिला आहे असं तू लिहिलंस ते खरंच होतं. एका शब्दानं मला सोडवलं असतंस. पण तू बोलला नाहीस, कारण मी स्वतः सांगावं असं तुला वाटत होतं. होय ना? की मी न सांगताही तू तसंच चालू दिलं असतंस, आणि मुन्शींच्या कागदावर माझं नाव राहू दिलं असतंस? मला वाटतं तू राहू दिलं असतंस. तेच मला सोसत नाही.

वाकसाचा हेवा केला तो एक वेळ समजतो, वाकस हातात धरता येतो. पण हे तुझं गप्प राहणं, याचा हेवा मी कसा करू? मला ते जमलं नसतं. तुझ्या जागी मी असतो तर दसऱ्याच्या दिवशीच साऱ्या गावासमोर ती रुई उधळली असती आणि तुझ्याकडं बोट दाखवलं असतं. वडील म्हणाले होते तुझ्या हाताला पाणी समजतं. मी दहा वर्षं समजत होतो की ते लाकडाबद्दल बोलत होते.

हे पत्र पुन्हा बंकटाच्याच हाती पाठवतो, तो पहाटे निघतो. मी रजा काढली आहे, खरी काढली आहे, परवा निघेन आणि द्वादशीला पोचेन. कागद आधी पाठवतो कारण तुझ्यासमोर उभा राहिलो की यातलं काहीच तोंडातून निघणार नाही. मी वहाणा झाडीन आणि म्हणेन, थंडी बरी आहे. तू समजून घे.

दोन कामं कर. मुन्शी अजून गावात असतील तर त्यांच्याकडे जा आणि माझी ओळ खोडायला सांग. त्या जागी लिहायला सांग: "मोठी नाव आसाराम धुळाजी यांनी बांधली. तिच्या सगळ्या फटी त्यांनीच बुजवल्या." सगळ्या. तो शब्द मी मुद्दाम लिहितो आहे. कारण विचारलं तर थोरल्या भावानं कळवलं म्हण.

आणि दुसरं. पाठवणी मोठ्या नावेतूनच कर, भामाची हौस आहे. नवरीशेजारी मामाला बसव, पुढं करवल्यांना बसव. मला मागं बसव, डाव्या अंगाला, मागून तिसऱ्या फटीवर. दसऱ्याची माझी जागा रिकामी राहिली होती. आता मी तिथं मांडी घालून पलीकडच्या काठापर्यंत बसेन आणि एकदाही खाली हात लावून बघणार नाही, कारण ती फट तू बुजवलेली आहेस.

तुझ्या वहिनीनं भामासाठी लुगडं घेतलं आहे. रुई मी परत आणतो आहे, डोहात सोडीन.

तुझा दादा